वाचकांचे प्रश्न : औषधचाचणीच्या संमतीपत्रावर सही करावी का?

प्रश्न : मी लालबागला राहणारी ५४ वर्षांची गृहिणी असून गेली नऊ वर्षे मला मधुमेह आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ज्या रुग्णालयात मी दर महिन्याला तपासणीसाठी जाते, तेथील निवासी डॉक्टरांनी मधुमेहावरील एका नव्या गोळीच्या अभ्यासात भाग घेण्याविषयी मला विचारले आणि एक जाडजूड माहितीपत्रक हाती दिले. माझी इच्छा आहे; मुलाचे मात्र म्हणणे असे की, मोठ्या दवाखान्यांत गरिबांवरच प्रयोग होतात, तू सही करू नकोस. नकार दिला तर पुढच्या उपचारांवर परिणाम होईल का, आणि होकार दिला तर खरी गोळी मिळेल की नुसती साखरेची, हे कृपया कळवावे.

उत्तर : ताई, आपल्या मुलाची भीती मी उडवून लावणार नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना दिली. परळची हाफकिन संस्था आपल्या घरापासून जवळच आहे. त्या लशीचे मोल मोठेच. पण तुरुंगातल्या माणसाची तयारी कितपत मोकळ्या मनाची असते, हा प्रश्न उरतो, आणि म्हणूनच आजच्या नियमांत कैद्यांना विशेष संरक्षणाची गरज असलेला गट मानले जाते. सकाळपासून केसपेपर हातात धरून ओपीडीच्या रांगेत बसलेला रुग्ण कैदी नसतो, तरीही ज्या डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे आहे त्यांना नाही कसे म्हणायचे, हे दडपण त्याच्या मनावर असतेच.

त्या दडपणावर नियमांनी दिलेले उत्तर स्पष्ट आहे. आपण नकार दिलात, किंवा होकार देऊन मध्येच बाहेर पडलात, तरी नेहमीच्या उपचारांत काहीही कमी होता कामा नये, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेलीच असावी लागते. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत आणि त्यांनुसार नैतिकता समितीच्या, म्हणजे सहभागींची सुरक्षितता आणि हक्क जपले जातात का हे तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीशिवाय अभ्यास सुरू करता येत नाही. या समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि एक सदस्य सामान्य नागरिक असतो.

मी स्वतः काही वर्षे एका समितीवर अशी सामान्य नागरिक म्हणून काम केले आहे. एकदा आमच्यापुढे आलेल्या मराठी माहितीपत्रकात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द होता. रुग्णाला याचा अर्थ काय कळणार, असे मी विचारले आणि 'कोणाला कोणती गोळी मिळेल हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरेल. ते आपल्यालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही' असे वाक्य लिहून येईपर्यंत आम्ही मंजुरी रोखून धरली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात आहे. आपल्याला कोणती गोळी मिळेल हे आधी कोणीही सांगू शकणार नाही, आणि 'तुम्हाला नवीनच मिळेल' असे कोणी सांगत असेल तर तेथे सावध व्हावे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: माझी चालू असलेली औषधे बंद करणार का? बऱ्याच अभ्यासांत नेहमीची औषधे तशीच ठेवून वर नवी किंवा औषध नसलेली गोळी दिली जाते, तर काहींत जुने औषध काही आठवडे थांबवतात. थांबवणार असतील तर साखर किती वाढल्यावर ते पुन्हा सुरू करतील, तो आकडा विचारून लिहून घ्यावा. नेहमीच्या तपासणीत डॉक्टर फक्त आपल्या प्रकृतीचा विचार करतात, तर अभ्यासात त्यांना एका प्रश्नाचे उत्तरही शोधायचे असते. अंगावरचा पांढरा कोट तोच असल्यामुळे हा फरक रुग्णाच्या लक्षात येत नाही.

चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. संमतीपत्रात वारसाचे नाव विचारलेले असते, ते पाहून अनेकजण घाबरतात. दुर्दैवाने मृत्यू ओढवला तर भरपाई कोणाला द्यायची, एवढ्यासाठीच तो रकाना आहे.

तेव्हा लगेच सही करू नका. माहितीपत्रक घरी न्यावे, मुलासोबत बसून वाचावे आणि न समजलेल्या ओळींवर पेन्सिलीने खूण करून पुढच्या खेपेला मुलालाच बरोबर न्यावे. अभ्यासाचा सीटीआरआय क्रमांक, म्हणजे भारतातील चाचण्यांच्या नोंदवहीतील त्याचा क्रमांक, मागून घेतला तर त्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर त्याची माहिती मुलाला मोबाइलवर पाहता येईल. घरी नेण्यास कोणी मनाई केली, तर समितीचा संपर्क त्याच पत्रकावर दिलेला असतो. तेथे निःसंकोच तक्रार करावी.

प्रश्न : मी २१ वर्षांचा विद्यार्थी आहे. निरोगी तरुणांना औषधांच्या अभ्यासात पैसे मिळतात म्हणून मी एकात नाव नोंदवले आहे. मित्र म्हणतो, दुसऱ्या केंद्रात हे न सांगता तेथेही जा. गेलो तर चालेल का?

उत्तर : अजिबात जाऊ नका. असे अभ्यास कायदेशीर आहेत आणि वेळेचा मोबदला घेण्यात गैर काही नाही. पण दोन औषधे शरीरात एकत्र आली तर काय होईल, याचा अंदाज दोन्ही केंद्रांतील डॉक्टरांना येणार नाही, कारण त्यांना तुमच्याबद्दल अर्धीच माहिती असेल. शिवाय प्रत्येक अभ्यासात वारंवार रक्त काढले जाते आणि ते भरून यायला वेळ लागतो. दोन अभ्यासांत किती अंतर हवे हे केंद्रातच विचारा आणि याआधी कोठे भाग घेतला असेल तर तारखेसह सांगा.