पहिल्यांदा समोर बसून ऐकताना

मिरज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

उल्हासजींच्या मैफलीचं तिकीट मिळालं हे वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले. गेली काही वर्षं तू ख्यालगायक पंडित उल्हास कशाळकरांना फक्त कानात हेडफोन घालून ऐकते आहेस. कुठल्या ध्वनिमुद्रणात कुठे कोण खोकलं, तेही तुला पाठ आहे. आणि आता विचारतेस, "मावशी, जायच्या आधी काय तयारी करू? मला त्यातलं शास्त्र कळत नाही. आणि सगळं ऐकलेलंच निघालं तर?"

ऐकलेलं निघणार नाही. तुझ्या फोनमध्ये त्यांचा जो केदार राग आहे, तो एका संध्याकाळचा केदार आहे. त्या दिवशीचा आवाज, त्या दिवशीचे साथीदार, समोर बसलेली माणसं, यांतून तो तसा झाला. परवा त्यांनी तोच राग, तीच बंदिश घेतली तरी स्थायी-अंतऱ्याच्या चार ओळी सोडल्या, तर बाकीचं सगळं तुझ्यासमोर नव्याने घडणार. तालाच्या पुढच्या फेरीत, म्हणजे आवर्तनात, कुठून वळायचं हे खुद्द गाणाऱ्यालाही आधी पुरतं ठाऊक नसतं. मुद्रणात आपल्याला ते ठाऊक असतं, कारण शंभर वेळा ऐकलेलं असतं. ही शोधाशोध चालू असताना तिथे हजर असणं, हाच मैफलीला जाण्यातला खरा आनंद आहे असं मी मानते. तेव्हा जाताना फोनमधला केदार घरी ठेवून जा. हॉलमध्ये बसून त्याच्याशी ताडून पाहत राहिलीस, तर दोन्ही हातचे जातील.

ध्वनिमुद्रणाला मी कमी लेखत नाही. आमच्या मिरजेचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब आज आम्हाला ऐकू येतात ते जुन्या ७८च्या तबकड्यांमुळेच. पण त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्या काळी लोक तबकडी ऐकून गवयाच्या प्रेमात पडत आणि मग त्याची बैठक कुठे आहे याचा पत्ता काढत जात. तीन मिनिटांत जी झलक मिळाली, ती दोन तास पसरून कशी लागते हे बघायला. तुझंही तेच चाललं आहे. फक्त तुझ्याकडची तबकडी बरीच लांब आहे.

आता तयारी. उल्हासजी १९५५ साली पांढरकवड्याला जन्मले. वडील वकील, स्वतः गाणारे आणि संगीताचे अभ्यासक, तेच पहिले गुरू. पुढे नागपूर, आणि मग मुंबईत राम मराठे आणि गजाननबुवा जोशी. गजाननबुवांचं नाव लक्षात ठेव. त्यांची मूळ ग्वाल्हेर घराण्याची तालीम त्यांच्या वडिलांकडून, अंतुबुवांकडून. त्यावर भूर्जी खाँसाहेबांकडून जयपूरची आणि विलायत हुसेन खाँसाहेबांकडून आग्र्याची. वर व्हायोलिनही वाजवायचे. उल्हासजींच्या गाण्यात तीन घराणी नांदतात असं तू वाचलं असशील. त्याचं मूळ इथे आहे. एवढं माहीत असलं की पुरे. रागाचे आरोह-अवरोह पाठ करून जाऊ नकोस. पाठ करून गेलेला माणूस गाणं सोडून चुकीचा स्वर लागतो का याचीच वाट बघत बसतो, असे श्रोते मी पाहिले आहेत आणि त्यांच्या शेजारी बसून ऐकलंही आहे. शेजाऱ्याचंही गाणं जातं.

एक मात्र नक्की कर. वेळेच्या अर्धा तास आधी पोहोच.

लोकांना वाटतं, तंबोरे लागत असतात तोवर चहा घेऊन यावं. मला ते बघवत नाही. मी सतारमेकर गल्लीच्या गावात राहते म्हणून म्हणते असं समज हवं तर. इथे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, त्याचा तंबोरा होतो, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कारागिराने तंबोरा कितीही उत्तम केला, तरी दर मैफलीला तो पहिल्यापासून लावावा लागतो. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर सरकला की तार बोलायला लागते, तिचा गुंजारव, म्हणजे जवारी, खुलते. पुढे बसून बघ. शिष्य खुंटी पिळतो, गुरू डोळे मिटून नुसती मान हलवतो, अजून नाही, अजून नाही, आणि मग एका क्षणी दोन्ही तंबोरे एकमेकांत मिसळतात. हॉलची हवाच बदलते. फोनमध्ये हे सहसा येत नाही, कारण मुद्रण करणारे बहुधा तेवढा भाग कापतात.

इथेच एक गंमत आहे. तंबोऱ्याची पहिली तार बहुतेक वेळा पंचमाला, म्हणजे 'प'ला, लावतात. ती मध्यमाला, म्हणजे 'म'ला, लावली तर समज की पंचम नसलेला किंवा मध्यमाचं राज्य असलेला राग यायची शक्यता आहे, मालकंस म्हण किंवा बागेश्री. निषादाला, म्हणजे 'नी'ला, लावली तर मारवा, पूरिया, सोहनी यांच्यापैकी कुणी. राग जाहीर व्हायच्या आधी तुझ्या मनात एक अंदाज उभा राहील, आणि पहिला षड्ज, म्हणजे 'सा', लागून दोन स्वर पुढे गेले की तो खरा-खोटा होईल. शास्त्र येत नसलेल्या माणसाला हा आनंद पहिल्याच दिवशी मिळू शकतो.

आता समेबद्दल, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण उल्हासजींच्या गाण्यात लय हा फार मोठा भाग आहे आणि घरी ऐकताना तुझ्या हातून नेमकी तीच निसटते.

विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल असेल तर बारा मात्रा. तबल्यावर लक्ष ठेव. एका आवर्तनात दोनदा 'तिरकिट' येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. दुसरं तिरकिट ऐकू आलं की आणखी दोन मात्रा, धी आणि ना, आणि मग सम. बोटांच्या पेरांवर मोज. पहिली पाच-सात आवर्तनं चुकशील, चुकू दे. एकदा हात बसला की गाण्याला जमीन मिळते. मग कळतं की हा माणूस किती दूर जाऊन परत येतो आहे. बंदिशीचे शब्द घेऊन ते बोलांचे तुकडे करतात, मात्रेच्या मधोमध काहीतरी सुरू करतात, तुला वाटतं आता काही मुखडा, म्हणजे समेवर नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडता येत नाही, दुसरं तिरकिट होऊन गेलं, आणि शेवटच्या क्षणी मुखडा असा अलगद उचलला जातो की सम त्यांच्याकडे चालत आल्यासारखी वाटते. त्या क्षणी तुझी मान आपोआप खाली येईल. मान वर करून आजूबाजूला बघ. साऱ्या हॉलची मान खाली गेलेली असेल. ज्यांना तू ओळखत नाहीस, ज्यांच्याशी तुझं कशावरही एकमत होणार नाही, ते सगळे तुझ्याबरोबर त्याच मात्रेवर उतरलेले असतात. घरी सम येते, पण तिथे आपण एकटेच उतरतो.

ग्वाल्हेरवाले लय फार मंद करत नाहीत, त्यामुळे आवर्तनाचा आकार ऐकणाऱ्याच्या हातात राहतो. तुझी पहिली मैफल उल्हासजींची आहे याचा मला आनंद वाटतो तो याहीसाठी. तबल्याच्या साथीला पंडित सुरेश तळवलकर असले तर तुझं भाग्यच. त्या दोघांमधली एकमेकांकडे टाकलेली एखादी नजर, समेनंतरचं हसू, हे पाहिल्याशिवाय त्या साथीतलं निम्मं कळत नाही. म्हणून खुर्ची अशी निवड की गाणाऱ्याचा चेहरा आणि तबलजीचे हात दोन्ही दिसतील. अगदी पहिली रांग नको, तिथे स्पीकर अंगावर येतात. चौथी-पाचवी, किंचित कडेला.

दाद कधी द्यायची, असंही विचारलं आहेस. ठरवून देऊ नकोस. तोंडातून "वा" निघालं तर निघू दे, नाही निघालं तर गप्प बस. गाणाऱ्याला समोरचा श्वाससुद्धा ऐकू येतो. भरगच्च टाळ्यांपेक्षा एखाद्या जागी चार जणांनी एकदम घेतलेला सुस्कारा त्याला जास्त सांगून जातो. प्रत्येक तानेला टाळ्या वाजवायची सवय मला आवडत नाही. गवई मग ताना वाढवत जातो आणि आलापी आटते. श्रोत्यांनी मैफल बिघडवण्याचा हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे फर्माईश. सुरुवातीलाच चिठ्ठी पाठवू नकोस. त्यांना त्या संध्याकाळी काय गावंसं वाटतं आहे, ते ऐकायला आपण आलेलो असतो.

आणि फोन बंद. फक्त आवाज बंद ठेवून भागणार नाही, पर्समध्ये, पूर्ण बंद. 'दोनच मिनिटं व्हिडिओ काढते' म्हणालीस की ती दोन मिनिटं तू हात स्थिर ठेवण्यात घालवशील, आणि मागच्या माणसाला स्टेजऐवजी तुझा उजळलेला पडदा दिसेल. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

गायिका मालिनीबाई राजूरकरांना मी समोर बसून ऐकलं आहे. ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. टप्पा हा प्रकार तू ऐकला आहेस, आवाज क्षणात कुठल्या कुठे जातो, तुटक, वळणावळणांच्या ताना, श्वास घ्यायला फुरसत नाही. मुद्रण ऐकून मला वाटायचं, हे गाताना केवढी धडपड होत असेल. प्रत्यक्षात बाई साध्या साडीत, मांडी घालून, जवळजवळ न हलता बसलेल्या. हातवारे नाहीत, कपाळाला आठी नाही, डोळे मिटलेले. एवढी विजेसारखी गोष्ट एवढ्या शांत देहातून येते आहे हे डोळ्यांनी दिसलं, आणि त्यानंतर त्यांचा टप्पा मला घरी ऐकतानाही वेगळा ऐकू यायला लागला. कधीकाळी अजमेरला गणित शिकवणाऱ्या बाई होत्या त्या. २०२३च्या सप्टेंबरात गेल्या. पुढच्या जानेवारीत प्रभाताई अत्रे गेल्या. किशोरीताई आमोणकर त्याआधीच, २०१७ला. तुझ्या पिढीला यांची फक्त मुद्रणं मिळणार. म्हणून ज्यांना अजून समोर बसून ऐकता येतं, त्यांच्यासाठी रजा काढ, रात्रीची एसटी पकड, लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

या मैफलीऐवजी डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाच जाऊ का, असंही तुझ्या मनात आहे. सवाईला जाच. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो उत्सव, हजारो माणसं एका मंडपात बसून ख्याल ऐकतात हे दृश्य एकदा तरी पाहायलाच हवं. पण पहिली भेट छोट्या सभागृहात झालेली बरी. सवाईत लांबून पडद्यावर बघावं लागतं, मागे खाण्याचे स्टॉल असतात, माणसं उठतात बसतात. शिवाय पूर्वी तिथे रात्रभर गाणं चालायचं. लाउडस्पीकरवर रात्रीची मर्यादा आली, तेव्हापासून उत्तररात्रीचे राग ऐकायची ती सोय गेली. शांतता हवी हे मला मान्य आहे, पण पहाटेच्या वेळी, पहाटेच्या गारव्यात ललत राग ऐकण्याची सर संध्याकाळी साडेसहाच्या कुठल्याही रागाला येत नाही. कुठे प्रभातकालीन मैफल असल्याचं कळलं तर सोडू नकोस. आणि जमलं तर औंधला जा. सातारा जिल्ह्यातलं ते लहानसं गाव, अंतुबुवांनी तिथे संगीत उत्सव सुरू केला, तो अजून होतो.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं आवाज लागला नाही असं वाटलं तर खट्टू होऊ नकोस. गळा तापायला वेळ लागतो, आणि कधी कधी साऱ्या संध्याकाळभर हवा तसा तापत नाही. तेही बघण्यासारखं असतं. आवाज साथ देत नसताना मोठा गवई काय टाळतो, कुठे थांबतो, कमी स्वरांत राग कसा उभा करतो, हे चांगल्या दिवशी दिसत नाही.

भैरवी, म्हणजे मैफलीचा शेवट, होईपर्यंत उठायचं नाही. शेवटची लोकल, पार्किंगची गर्दी, रिक्षा मिळेल का, याची सोय आधीच करून ठेव. परतीच्या वाटेवर कानात काही घालू नकोस; जे ऐकलंस ते रात्रभर डोक्यात आपलं आपण फिरू दे. सकाळी काय उरलं ते बघ. एखादा मुखडा, एखादी जागा, एवढंच उरेल. ते वहीत लिहून ठेव, तारीख घाल, साथीला कोण होतं तेही.

मग मला सविस्तर पत्र पाठव. पहिली तार कशाला लावली होती, अंदाज बरोबर आला का, आणि विलंबिताला एकताल होता की तिलवाडा, हे विसरू नकोस. तिलवाडा हा दुसरा ताल, तो असेल तर मोजायची रीत वेगळी, ती फोनवर सांगेन. इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसाला इकडे ये. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे, तिथे त्यांच्या नावाने गवई हजेरी लावतात, तिकीट नसतं, सतरंजीवर कुठेही बसता येतं. आमच्याकडेच उतर, माडीवरची खोली मोकळी आहे. रात्री उशिरा परतताना दार वाजवायचं नाही, किल्ली देऊन ठेवेन.

तुझी,
मावशी