बोईटाच्या कानातला खडा काढण्याआधी

अरे, बोईट मासा कुठल्या पाण्यात वाढला हे त्याच्या कानातल्या खड्यावरून शोधायचंय ना, मग खडा स्टीलच्या चिमट्याने धरू नकोस, प्लास्टिकचा वापर. धातूचा अंश लागला की सगळं मोजमाप वाया. हा खडा कॅल्शियम कार्बोनेटचा. थरावर थर चढतो आणि एकदा बसलेला थर शरीर सहसा परत विरघळवत नाही. म्हणून तर माशाचा जन्मापासूनचा प्रवास त्यात टिकतो, मला अजूनही याचं अप्रूप वाटतं. पाण्यातली मूलद्रव्यं या थरांत उतरतात: खाऱ्या पाण्यात साधारणपणे खड्यातलं स्ट्रॉन्शियम वाढतं, गोड्याकडे बेरियम. पण तापमान आणि वाढीचा वेग यांनीही स्ट्रॉन्शियम हलतं, तेव्हा एकाच आकड्यावर विसंबू नकोस. ऐरोली ते वाशी, भरतीला, ओहोटीला, पावसाळ्यात ठाणे खाडीचं पाणी बाटल्यांत भरून आधी तपासून घे. पाण्याचे नमुने नसताना बोईट कुठून आला हे सांगणं मला पटत नाही.