पहिली गोधडी? आधी दुपटं शिवा

ताई, पहिली गोधडी शिवायची म्हणताय आणि लेकीला सोबत घेताय, हे फार छान. पण पहिल्याच खेपेला डबल बेडची गोधडी नको. मीटरभराचं दुपटं पुरे.

- आत जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी घाला. सिंथेटिक सरकते. नवं कापड आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून चुण्या पडतात.
- थर जमिनीवर ताणून अंथरा, मोठे कच्चे टाके (नंतर काढायचे) घाला, मगच धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली करत घातलेले साधे सरळ टाके. हा कंटाळा सगळेच करतात (मीही केला!) आणि मधे फुगा येतो.
- दोरा हातभरच घ्या.

नक्षीचं नंतर बघू. लेकीची ओळ वाकडी गेली तर उसवू नका. आजीच्या गोधडीत माझी निळ्या दोऱ्याची वाकडी ओळ अजून आहे.