नऊ क्लबची यादी, टायअप कॉलेज आणि दहावीतली पोट्टी

ताई, तुमचं पत्र मोठं आहे म्हणून आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. नागपूरच्या मनीषनगरची एक आई, मुलगी दहावीत, उंची पाच फूट आठ इंच, शिवाजीनगरच्या कोर्टवर पाच वर्षांपासून बास्केटबॉल खेळते, यंदा सोळा वर्षांखालच्या राज्य टीमच्या कॅम्पपर्यंत पोहोचली. तिनं परदेशातल्या एका प्रोफेशनल प्लेअरची यादी वहीत लिहून ठेवलीय, बारा वर्षांत सात देश आणि नऊ क्लब, आणि म्हणते मला हेच करायचं. बाबा म्हणतात गपचूप टायअप कॉलेजात (म्हणजे कोचिंग क्लासशी जोडलेल्या कॉलेजात) घाल, नीटची तयारी होऊ दे. त्यात एका एजन्सीनं साडेतीन लाख मागितलेत, अमेरिकेत स्कॉलरशिप लावून देतो म्हणून. आणि तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीय, "मॅडम, हे करिअर आहे का नुसतं फिरणं आहे?"

खरं सांगू, हा प्रश्न मला फार आवडला, कारण ह्या धंद्यात हे दोन्ही एकच आहे. बायकांच्या बास्केटबॉलमध्ये प्रोफेशनल प्लेअर फिरते ती हौस म्हणून नाही, एका जागी बसून पोट भरत नाही म्हणून फिरते.

आता बघा, जगातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे अमेरिकेची डब्ल्यूएनबीए, १९९७ पासून चालू आहे. २०२४ पर्यंत तिथं टीम होत्या १२ आणि एका टीममध्ये जास्तीत जास्त १२ जणी, म्हणजे पूर्ण जगातून १४४ खुर्च्या. आपल्याकडे मेडिकलच्या सीटवरून रडारड होते पण हे गणित त्याच्यापेक्षा वाईट आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम दरवर्षी नव्या पोरी निवडतात त्यात, नाव आलं तरी कॅम्पमधून घरी पाठवतात. आणि पगार ऐकाल तर अजून चाट पडाल, २०२४ ला केटलिन क्लार्क पहिल्या नंबरवर निवडली गेली, कॉलेजात असताना जिच्या मॅचला तिकिटं मिळत नव्हती ती पोरगी, तिचा लीगचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता, तेव्हाच्या भावानं साधारण ६४ लाख रुपये. आपल्याला मोठा वाटतो पण त्याच वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पहिल्या नंबरच्या मुलाला एक कोटी डॉलरच्या वर मिळाले, रुपये नाही, डॉलर. (जाहिरातींचं उत्पन्न वेगळं, पण ते क्लार्कला मिळतं, बाराव्या खुर्चीवर बसलेलीला नाही.)

म्हणून काय होतं, ती लीग साधारण मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर चालते आणि मग ह्या पोरी बॅग उचलून टर्की, इटली, स्पेन, चीन, कोरिया, ऑस्ट्रेलिया जिथं कॉन्ट्रॅक्ट मिळेल तिथं जातात, तिकडचा सीझन साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. वर्षाला दोन देश, दोन कोच, आणि आराम कधी तर नाहीच. अमेरिकेच्या डायना टॉरासीचं नाव तुमच्या मुलीला नक्की माहीत असेल, २०१५ ला तिच्या रशियातल्या क्लबनं तिला अमेरिकेतला सीझन खेळू नको, आराम कर म्हणून पैसे दिले, तेही घरच्या लीगच्या पगारापेक्षा जास्त. त्या क्लबकडचा तिचा पगार दीड मिलियन डॉलर असं तेव्हा छापून आलं होतं, आणि घरच्या लीगमध्ये तिला मिळत होते लाखभर डॉलर. म्हणजे न खेळण्याचे पैसे खेळण्यापेक्षा जास्त! ब्रेआना स्टुअर्टचं उलटं झालं, एप्रिल २०१९ मध्ये हंगेरीत युरोलीगची फायनल खेळताना टाचेची शीर तुटली, आणि अमेरिकेतला पूर्ण सीझन गेला.

अमेरिकेच्याच ब्रिटनी ग्राइनरची गोष्ट तर पेपरमध्ये आलीच होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियातल्या क्लबकडे परत जाताना मॉस्कोच्या एअरपोर्टवर बॅगेत गांजाच्या तेलाच्या व्हेप कार्ट्रिज सापडल्या, नऊ वर्षांची शिक्षा झाली, आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही, पण फिरती प्लेअर दरवेळी दुसऱ्या देशाच्या कायद्यात जाऊन राहते हे पोरीला आत्ताच कळलं पाहिजे. आणि तुम्हालाही, कारण आपल्याकडे सर्दी झाली की शेजारच्या मेडिकलमधून आणलेलं सिरप आणि जिममधल्या दादानं दिलेली पावडर चालते, पण राज्य-नॅशनल खेळणाऱ्या मुलीची डोप टेस्ट होऊ शकते आणि तिथं "मला माहीत नव्हतं" हे कुणी ऐकत नाही.

आता दुसरी बाजू. बेकी हॅमन, उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा दोन इंच कमी, साउथ डकोटासारख्या आडबाजूच्या राज्यातली. १९९९ ला ड्राफ्टमध्ये तिला कुणीच घेतलं नाही. न्यूयॉर्कनं तरी ट्रायलला बोलावलं, टिकली, मग सॅन अँटोनियो, मधल्या काळात रशियात क्लब, इतकं की २००८ च्या ऑलिम्पिकला ती रशियाकडून खेळली आणि ब्राँझ घेऊन आली, तिकडं घरी लोकांनी नावं ठेवली ती वेगळी. २०१४ मध्ये पुरुषांच्या एनबीए टीमची असिस्टंट कोच झाली आणि २०२२ मध्ये लास व्हेगासची हेड कोच होऊन पहिल्याच वर्षी चॅम्पियन. मला तिची गोष्ट आवडते ती मेडलसाठी नाही, ती प्रत्येक गावातून काहीतरी शिकून पुढं गेली म्हणून. नुसती पॉइंट टाकत फिरली असती तर गुडघे संपले त्या दिवशी सगळं संपलं असतं.

पण ताई, ह्या सगळ्या तिकडच्या. आपल्याकडची वाट वेगळी आहे आणि ती अर्धी कच्ची आहे. भारतात वाढलेली एकही मुलगी अजून डब्ल्यूएनबीएची मॅच खेळलेली नाही. सगळ्यात जवळ गेली गीतू अ‍ॅना जोस, केरळची, सहा फुटांच्या वर उंची, सदर्न रेल्वेकडून खेळायची. ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळून आली, २०११ मध्ये अमेरिकेतल्या टीमनी ट्रायलला बोलावलं, निवड झाली नाही, परत आली आणि भारताकडून खेळतच राहिली, २०१४ ला अर्जुन मिळाला. बाबांना हे नाव मुद्दाम सांगा, आणि "सदर्न रेल्वे" ह्या शब्दावर जोर देऊन सांगा. आपल्याकडे महिलांची वर्षभर पगार देणारी लीग नाही, आपल्याकडे नोकरी आहे आणि नोकरीच्या टीमकडून खेळ आहे. अनिता पॉलदुराई, पद्मश्री मिळाली २०२१ मध्ये, तीही सदर्न रेल्वेचीच. नागपुरात तर रेल्वेच्या दोन-दोन डिव्हिजन आहेत, सेंट्रल रेल्वेची एक आणि बिलासपूरवाल्यांची एक. स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिराती निघतात, वयाची अट १८ ते २५. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे ते वेगळंच. फक्त सर्टिफिकेट नीट ठेवा हो, ओरिजिनल, तारखेसकट, कारण व्हेरिफिकेशनच्या वेळी चांगल्या चांगल्या पोरींना रडताना पाहिलंय मी. कुठली स्पर्धा मान्यताप्राप्त आणि कुठली नुसतीच मोठी ट्रॉफीवाली, हे खेळायच्या आधीच जिल्हा क्रीडा अधिकारी ऑफिसात विचारून घ्या.

तुम्ही दिव्या देशमुख आणि मालविका बनसोडचं लिहिलंय, की नागपूरच्या पोरी करतातच ना. करतात, आणि अभिमान आहेच, पण बुद्धिबळ आणि बॅडमिंटन एकट्याचे खेळ आहेत. दिव्या जिंकली की रेटिंग तिचं वाढतं. बास्केटबॉलमध्ये तुमच्या पोरीनं वीस पॉइंट टाकले आणि टीम पहिल्याच राउंडला हरली तर तिला कोण बघणार? टीम चांगली लागते, पास देणारी लागते, नुसती हुशारी पुरत नाही. म्हणूनच पुष्कळ वर्षं आपल्या बाजूच्या भिलाईचं नाव होतं, स्टील प्लांटमध्ये राजेश पटेल सर होते, आता ते नाहीत, त्यांनी साध्या घरच्या पोरी गोळा करून टीमच्या टीम उभी केली, छत्तीसगडनं त्या जोरावर नॅशनल मेडल मारले. तिथलीच कविता अकुला पुढं अमेरिकेत ग्रँड कॅनियन युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिपवर खेळली. आपल्या स्टेशनवरून दुर्गची गाडी पकडून पोहोचता येतं अशा गावातून!

म्हणजे अमेरिकेची वाट आहे, खोटी नाही. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाला गेली, पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगोला. पण त्या साडेतीन लाखांचं काय, तर देऊ नका. एकदम स्पष्ट सांगते, देऊ नका. स्कॉलरशिप एजन्सी देत नाही, कॉलेजचा कोच देतो, आणि कोचला मेल करायला पैसे लागत नाहीत. त्याला हवी असते अख्खी मॅच, गाणं लावून कापलेले हायलाइट नाही, बॉल हातात नसताना पोरगी काय करते ते त्याला बघायचं असतं. आणि हवे असतात नववी ते बारावीचे मार्क, हे चारही वर्षांचे मोजतात. मैदानातल्या पोरीचा अभ्यास गेला तरी चालतो हे ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांनी चुकीचं सांगितलं, ह्या वाटेवर मार्क हेच तिकीट आहे. तिथल्या कॉलेज-खेळाच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये तर खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप नसतेच, त्यामुळे "अमेरिकेत अ‍ॅडमिशन" आणि "अमेरिकेत फुकट शिक्षण" ह्यातला फरक त्या एजन्सीवाल्याला एकदा विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होईल.

आता टायअप कॉलेजचं. बाबांवर मी चिडणार नाही, त्यांची भीती बरोबर आहे. पण नीटचा पूर्ण क्लास सकाळी सात ते दुपारी तीन आणि संध्याकाळी मैदान, हे आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीत कुणाच्या पोरीला करायला लावू नका, दोन्हीतून जाईल. मी स्वतः विद्यापीठाकडून खेळले, बारावीला दोन्ही धरून ठेवलं, मार्चमध्ये पेपर आणि फेब्रुवारीत गुडघा, शेवटी दोन्ही अर्धवट. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं की वाढत्या वयाच्या मुलींचा गुडघ्यातला लिगामेंट मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा जातो आणि उडी मारून नीट उतरायचं शिकवलं, मांड्या मजबूत केल्या तर बऱ्याच इजा टळतात. तुमच्या पत्रात बुटांवर सात हजार खर्च केल्याचं आहे, फिजिओचा एक शब्द नाही! वर्षातून दोनदा तरी दाखवा. हिमोग्लोबिन तपासा. आणि पाळी दोन-तीन महिने गायब झाली तर "खेळते म्हणून होतं" म्हणून सोडू नका, खाणं कमी आणि मैदान जास्त झालं की असं होतं आणि हाडं कमजोर होतात, डॉक्टरकडे जा. पोट्टी सकाळी तर्री पोहे खाऊन दिवसभर चालवत असेल तर मला माहीत आहे, मीही चालवायची, पण नाही पुरत.

तर माझं मत असं, साधं अकरावी-बारावी कॉलेज, जिथं हजेरीवर बोलता येतं, सायन्स आवडत असेल तर सायन्स, नसेल तर कॉमर्स-आर्ट्सला नाक मुरडू नका. नीटची परीक्षा आत्ता नाही. फिजिओथेरपी, स्पोर्ट्स सायन्स, कोचिंगकडे वळायचा विचार असेल तर बायोलॉजी ठेवा, शारीरिक शिक्षणासाठी अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शंभर वर्षांपासून जवळच आहे, कोचिंगचा डिप्लोमा पटियाळाला होतो. आणि दोन वर्षं मुदत. ह्या दोन वर्षांत राज्याच्या टीममध्ये येऊन ज्युनिअर नॅशनल खेळली आणि पहिल्या पाचात उभी राहिली, नुसती जर्सी घालून बेंचवर नाही, तर अमेरिकेचे मेल चालू करायचे आणि रेल्वेची तयारीही. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला दहा हजार हातखर्चही मिळतो. नाही झालं तर विद्यापीठाची टीम आहे, खेळ तुटत नाही, फक्त त्याच्यावर घर चालवायचा विचार सोडायचा. थ्री बाय थ्री (तिघी विरुद्ध तिघी, एक बदली) पण खेळू द्या, टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, चार जणींची टीम लागते, शिवाजीनगरला चार पोट्ट्या तर मिळतील ना!

इंग्रजी बोलायला लावा, रोज. परदेशी क्लबमध्ये बाहेरच्या प्लेअरसाठी दोन-तीनच जागा असतात, आणि टाइमआउटला कोच काय ओरडतोय ते कळलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरी येते. पैसे बुडवणारे क्लबही असतात, त्यासाठी फिबाचं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेचं, जिनिव्हात बास्केटबॉलचं वेगळं लवाद मंडळ आहे, पण कॉन्ट्रॅक्टमध्ये ते कलम असलं तरच तिथं जाता येतं, म्हणून कॉन्ट्रॅक्ट वाचता येणारी प्लेअर पाहिजे. पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको.

आणि एक काम मुलीला द्या. ती नऊ क्लबची यादी आहे ना वहीत, तिच्यात प्रत्येक नावापुढं दोन रकाने काढायला सांगा. एकात तो क्लब का सोडला, इजा झाली, पैसे मिळाले नाही, कोच बदलला, का चांगली ऑफर आली. दुसऱ्यात तिथं काय शिकली. शोधायला इंटरव्ह्यू बघावे लागतील, महिनाभर लागेल, लागू द्या. ते पान आधी बाबांना दाखवा, मग दोघी-तिघं मिळून या, रविवारी सकाळी मी मानकापूरच्या क्रीडा संकुलात असते, वही आणायला विसरू नका, आणि तिचे बूटही.