वाचक विचारतात : आधी घरे मोजा, मग पीठ

प्रश्न : राष्ट्रीय सेवा योजनेत काम करणाऱ्या आम्हा १८ विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात एक बेकिंग मंडळ सुरू करायचे ठरवले आहे. दर आठवड्याला केक व बिस्किटे करून जवळच्या खेड्यांतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि अंगणवाडीतील मुलांना द्यावीत, अशी कल्पना आहे. वर्गणी काढून एक छोटा ओव्हन घेणार आहोत. सुरुवात कशी करावी, ताई?
— एक विद्यार्थिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ओव्हनची खरेदी सध्या लांबणीवर टाका, ही माझी पहिली विनंती आहे. घरगुती ओव्हनच्या एका ट्रेमध्ये जेमतेम १६ बिस्किटे बसतात आणि एक खेप भाजायला सुमारे २० मिनिटे लागतात. ५० घरांना प्रत्येकी चार अशी २०० बिस्किटे धरली, तर १३ खेपा होतात, म्हणजे सलग सव्वाचार तासांहून अधिक वेळ जातो, आणि तोही मध्ये वीज गेली नाही तर. त्यापेक्षा पाव भाजणाऱ्या भट्टीकडे जा. दिवाळीच्या आधी आपल्या आया-मावश्या पीठ, तूप आणि साखर डब्यांत भरून भट्टीवर नेत आणि नानखटाई भाजून आणत, तीच रीत तुम्ही पुन्हा धरा. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टीची आच उतरलेली असते आणि बिस्किटांना तेवढीच हवी असते. भट्टीवाल्या काकांना भाजणावळ मात्र ठरवून द्या. सेवा तुमची आहे, तिचा भार त्यांच्या धंद्यावर पडू नये.

ओव्हनपेक्षा महत्त्वाचे काम म्हणजे घरे मोजणे. एका रविवारी दोघा-दोघांनी गावात हिंडून कोण एकटे राहते, कोणाला मधुमेह आहे, कोणाचे दात पडले आहेत आणि खायला काय आवडते, हे वहीत लिहून आणा. मी महाविद्यालयात शिकवत असताना आमच्या गटाने हे न विचारताच खुसखुशीत, पण चांगली कडक बिस्किटे वाटली होती. एका आजींनी ती हातात घेतली, निरखून पाहिली आणि पदराच्या गाठीत बांधली. विचारल्यावर म्हणाल्या, ‘बाई, दात कुठी हायेत मले? नातवाले देईन.’ नातू पुण्याला होता. त्यानंतर आम्ही प्रत्येक घाण्यातले एक बिस्कीट चहात बुडवून पाहू लागलो. मनात दहा आकडे मोजेपर्यंत ते मऊ व्हावे, पण कपात गळून पडू नये, अशी आमची परीक्षा होती, आणि त्यात न उतरलेला घाणा वृद्धांच्या घरी गेला नाही.

असे बिस्कीट साधायला आपली ज्वारी उपयोगी पडते, पण प्रमाण सांभाळावे लागते. ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे गव्हासारखी धरून ठेवणारी ताकद तिच्या पिठात येत नाही, आणि ती निम्म्याहून अधिक घातली तर बिस्कीट उचलतानाच त्याचा भुगा होतो. दीड किलो कणीक, एक किलो ज्वारीचे पीठ, सव्वा किलो तूप, सव्वा किलो बारीक चिरलेला गूळ, चवीपुरते मीठ, थोडी बेकिंग पावडर आणि गोळा बांधला जाईल इतकेच दूध घ्या. २५ ग्रॅमचा एक गोळा वजन करून घेतला की सुमारे २०० बिस्किटे होतात. तूप महाग पडते म्हणून वनस्पती तुपाकडे वळू नका. खर्च झेपत नसेल तर बिस्किटे निम्मी करा. मधुमेह असलेल्यांसाठी गुळाचे म्हणून वेगळे काही होत नाही, कारण गुळानेही रक्तातील साखर वाढतेच. त्यांच्यासाठी गूळ न घालता जिरे-ओव्याची खारी बिस्किटे करा आणि त्यांचा डबा वेगळा ठेवा. केकचा आग्रह मी तरी सोडेन. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर खराब होतो आणि खेड्याच्या रस्त्याने नेताना मोडतो.

पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली होती, ती तुमच्याकडून होऊ नये. घाईमुळे आम्ही बिस्किटे कोमट असतानाच पिशव्यांत भरली. आत वाफ धरली, दुसऱ्या दिवशी ती लिबलिबीत झाली आणि चौथ्या दिवशी बुरशी दिसली. सगळी परत गोळा करून टाकावी लागली. आता सांगते ते इतकेच, की पूर्ण थंड होईपर्यंत झाकण लावायचे नाही आणि डब्यावर तयार केल्याची तारीख व घातलेले जिन्नस लिहायचे. शेंगदाणे किंवा तीळ घातले असतील तर ते नक्की लिहा, कारण काहींना त्यांची ॲलर्जी असते.

अंगणवाडीत परस्पर वाटप करू नका. तिथला पोषण आहार ठरलेला असतो, म्हणून आधी सेविकाताई व पर्यवेक्षिकांची परवानगी घ्या. सहा महिन्यांखालील बाळाला आईच्या दुधाखेरीज काही द्यायचे नसते, हे तुमच्यातील प्रत्येकाला ठाऊक असावे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नफ्यासाठी असो वा नसो, अन्नाच्या प्रत्येक उपक्रमाला लागू होतो. त्यामुळे फुकट वाटायचे असले तरी कार्यक्रम अधिकारी सरांमार्फत नोंदणीची चौकशी आधीच करा.

पैशांपेक्षा धान्य मागणे सोपे जाते. सुगीच्या दिवसांत पायलीभर ज्वारी देताना शेतकरी हात आखडत नाही. मात्र कोणी किती दिले, ते वहीत लिहून महिन्याकाठी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. वार एकच ठेवा आणि तो परीक्षेच्या महिन्यातही चुकवू नका. त्यासाठी पहिल्या वर्षाची निदान सहा मुले सुरुवातीपासून हाताशी घ्या. शुक्रवारी दारात बसून वाट पाहणाऱ्या माणसाला तुमच्या परीक्षेचे वेळापत्रक ठाऊक नसते.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेजवळ बेकरी नाही आणि विजेचा भरवसा नाही. मुलांना कढईत बिस्किटे करायला शिकवावे का?
— एक शिक्षक, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : शिकवण्यापुरती कढई चांगली आहे. तळाला मिठाचा थर देऊन, वर स्टँड ठेवून आणि झाकण घालून दहा मिनिटे तापवली की नानखटाई उत्तम होते, पण एका वेळी आठ-दहाच. गावासाठी करायचे असेल तर मातीची भट्टी बांधा. चिकणमातीत तणीस बारीक कापून मळा. तापून तडे जातात म्हणून सिमेंट टाळा, आणि भट्टी सावकाश वाळू द्या. आत लाकडे पेटवून भिंती तापल्या की निखारे ओढून काढावेत, राख ओल्या फडक्याने पुसावी आणि दार बंद करून उरलेल्या आचेवर आधी पाव, मग बिस्किटे भाजावीत. निखारे ओढण्याचे काम मोठ्यांनीच करावे. आच समजण्यासाठी तळावर चिमूटभर पीठ टाकून पाहा. लगेच काळे झाले तर दार उघडे ठेवून थांबा, आणि हळूहळू बदामी झाले तर ट्रे आत सरकवा.