सातपूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आहे, रोजची प्रार्थना नियमित कशी ठेवू?

शिफ्ट दर आठवड्याला बदलते, तर घड्याळ धरू नका, रोजचं एखादं काम धरा. फर्स्ट शिफ्ट असेल तर उठल्यावर मोबाईलला हात लावण्याआधी. नाईट असेल तर घरी येऊन हातपाय धुतले की लगेच, पाठ टेकण्याआधी. दहा मिनिटंही चालतील.

बायबलमधलं मार्क १:३५ वाचा. आदल्या संध्याकाळी येशू होता त्या शिमोनाच्या घराच्या दाराशी आजाऱ्यांची गर्दी लोटली होती, तरी पहाटे अंधारातच उठून तो एकांतात प्रार्थनेला गेला. बायबलमधला दानीएल संदेष्टाही राज्यकारभार सांभाळून दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा.

थकव्यानं शब्द सुचले नाहीत तर बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात नको. तीही प्रार्थनाच, आणि माझ्या मते सुरुवातीला हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग. रविवारी चर्चमधल्या एखाद्या विश्वासू बंधूला सांगून ठेवा, रोज विचारत जा म्हणून.