सिंगापूरची बाग, नेमकं उतरायचं कुठं?

प्रश्न: आईबाबांना घेऊन सिंगापूरला चाललोय, आईचे गुडघे धरतात. 'गार्डन्स बाय द बे' नावाचंच मेट्रो स्टेशन आहे ना, मग तिथंच उतरू का? (एक वाचक, दादर)

उत्तर: नुसत्या नावावर जाऊ नका हो! ते भुयारी स्टेशन 13 नोव्हेंबर 2022 ला थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइनवर सुरू झालं, मरिना बराज धरणाकडच्या बाजूला, म्हणजे धरणाच्या हिरवळीच्या गच्चीवर पतंग उडवायचे असतील तर उत्तमच. पण आईंसाठी मी बेफ्रंट स्टेशन म्हणेन, बी एक्झिटने बाहेर पडलात की जवळच शटल मिळते (तिकीट काढावं लागतं), ती थेट काचेच्या डोमकडे (आत झाडंफुलं असलेले मोठाले घुमट) सोडते, नाहीतर ड्रॅगनफ्लाय ब्रिजवरून चालत जायचं. बाहेरची बाग फुकट आहे, डोमना तिकीट. सुपरट्री (बागेतले झाडाच्या आकाराचे, वेलींनी मढवलेले मनोरे) 25 ते 50 मीटर उंच आहेत, संध्याकाळचा लाइट शो त्याखाली चक्क आडवं पडून बघतात लोक, चटई न्या. आणि हो, मेट्रोत खाणंपिणं बंद म्हणजे बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड 500 सिंगापूर डॉलरपर्यंत, तेव्हा बाबांचा चिवडा स्टेशनबाहेरच उघडा.